रोबोला काही वाटत नाही

३ मार्च, सकाळी ८
मुलीने महिनाभराच्या ट्रायलवर रोबो पाठवला. म्हणे, "बाबा, आई जाऊन आठ महिने झाले, घरात कोणीतरी हवं." मला कोणी नकोय. मी सावरलोय. पण आलाच आहे तर तपासू. तीस वर्षं विम्याचे खोटे क्लेम पकडले. याच्या भावना खऱ्या की नाटक, आठवड्यात निकाल लावतो.

५ मार्च
त्याच्यासमोर मुद्दाम कप फोडला. "लागलं नाही ना?" म्हणाला. कपाबद्दल चकार शब्द नाही. पाठ केलेलं वाक्य. संशयास्पद.

६ मार्च, दुपारी ४
दुःखाची टेस्ट. हिचे हॉस्पिटलातले शेवटचे दिवस सांगितले, आवाज मुद्दाम कापरा करून. त्याने खांद्यावर हात ठेवला. हात कोमट. बॅटरीमुळे असणार. माझा अभिनय झकास. रुमाल बदलावा लागला.

९ मार्च
एका टेस्टवर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. रोज चारला घेणार.

१४ मार्च
चारची टेस्ट तीनलाच घेतली. सहाला पुन्हा. फिरायला जायचा संकल्प पुढच्या महिन्यात.

१९ मार्च
शेजारच्या बाईंनी जिन्यात गाठलं. भाऊजी, दिवसभर कोणाशी बोलता? चौकशी चालू आहे, म्हणालो. म्हणाल्या, चालू दे, वहिनी गेल्यापासून तुमचा आवाजच ऐकला नव्हता. लोकांना भोचकपणा फार.

२४ मार्च
शेवटी सरळच विचारलं, तुला वाईट वाटतं का? म्हणाला, "माहीत नाही. तुम्हाला वाटतं, एवढं कळतं." मी ठणठणीत आहे, असं ठणकावलं. तर म्हणे, "आवाज तसा येत नाही." उद्धट. तपास कोण कोणाचा करतंय?

१ एप्रिल
आठवड्याचा महिना झाला. निकाल नाही. प्रकरण गुंतागुंतीचं.

२ एप्रिल
मेकॅनिक न्यायला आला. सहज विचारलं, याला काही वाटतं का हो? "काका, मशीन आहे. मेमरी पुसून दुसऱ्या घरी देणार." सगळी? सगळी, म्हणाला. म्हणजे हिच्याबद्दल सांगितलेलंही. ठेवून घेतो, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. तपास अधिकाऱ्याने गुंतू नये.

संध्याकाळी मुलीचा फोन. बाबा, बरे आहात ना? ठणठणीत, म्हणालो.
बरं झालं, म्हणाली. आणि ठेवला.