मागच्या झाकणाची मूठ

हिंगोली, जि. परभणी
रविवार, ११ डिसेंबर १९७७

प्रिय नेमसिंग भियास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा रामराम. आम्ही इथे सगळे बरे आहोत. बापूंच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, पण शेजारच्या घरात भाकरी करपली तर ते इथे बसून सांगतात. वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. दिवाळीचं कार्ड मिळालं. दर वर्षीसारख्या दोनच ओळी, पण अक्षर सुधारलंय. मास्तरीण आहे, तपासल्याशिवाय राहवत नाही.

कार्डाला मी नेहमी कार्डानंच उत्तर देते. या वेळी पाकीट आहे आणि वेगळं पार्सलही आहे. ते अजून उघडलं नसशील तर राहू दे. आधी हे वाच.

बातमी अशी की आम्ही मोटार घेतली. तुझे मेहुणे ट्रॅक्टर आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता म्हातारे होणार असं मला वाटत होतं. तर गेल्या श्रावणात साखऱ्याकडून आले ते अंगभर कडब्याचा चुरा घेऊन, आणि दारातच म्हणाले, "रूपा, कडब्याखाली काय सापडलं सांग."

मी म्हटलं, "साप."

"आठ सिलिंडरची ब्यूक. सगळे एका ओळीत."

साहेबांची ब्यूक, भिया. तू त्यांचा ड्रायव्हर म्हणून चालवायचास ती, तुझीच. साहेबांच्या मुनीमाच्या गोठ्यात तीस वर्षं उभी होती. मुनीम वारला, मुलांना गोठा पाडायचा होता, ते मोटार भंगारात देणार होते. यांनी आपलं एक चालू इंजिन त्यांच्या विहिरीवर बसवून दिलं आणि मोटार ओढून आणली. पुढे बैलजोडी, मागे ढकलायला सहा माणसं. तू सांगायचास ना, शंभर मैल पळते म्हणून हिचं नाव सेंच्युरी. साखऱ्याहून हिंगोलीला यायला तिला दोन दिवस लागले.

काय दशा होती म्हणून सांगू. रबर दगडासारखं झालेलं. डाव्या दिव्यात चिमणीचं घरटं. सीटवर कोंबड्या बसून बसून सीट राहिलीच नव्हती. कार्बोरेटर यांनी माझ्या दात घासायच्या ब्रशनं साफ केला, तेही मला न विचारता. रिंगा नांदेडला लेथवर करून आणल्या. बाकी जे मिळालं नाही ते ट्रॅक्टरचं बसवलं. मी शाळेतून आले की पदर खोचून पत्रे घासायला बसते. गंजाखालून तो निळा रंग निघाला ना, त्या दिवशी मी वर्गात विनाकारण हसत होते. पोरींनी विचारलं, बाई, पगार वाढला का?

पुढचं सीट आणि कापडी टप रुक्माकाकीनं तांड्यावर नेऊन शिवला. गाद्यांना काठानं आरसे लावलेत, कवड्या लावल्यात. ती म्हणते, "आपला तांडा मीठ वाहायचा तवा म्होरच्या बैलाची झूल माझ्या सासूनं शिवली व्हती. त्यानंतर हीच." कुठल्या अमेरिकेच्या मोटारीला असं सीट नसेल.

मागच्या बुधवारी ती चालू झाली. आधी नुसता भोंगा वाजला, तोही थांबेना. मग इंजिन खोकलं आणि मागच्या नळीतून तीस वर्षांचा भुसा उडाला, तो थेट काकीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "प्रेमसिंगा, मोटार हाय का मळणीचं यंत्र?" गल्ली लोटली होती. बापू ओट्यावरून उठले, भिंत धरत आले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. म्हणाले, "श्वास बराबर हाय." यांनी कितीदा म्हटलं, बसा, नरसीपर्यंत जाऊन येऊ. बसले नाहीत. काहून, ते सांगितलं नाही.

आम्ही दोघंच जाऊन आलो. टप उघडा टाकला होता. भिया, मी बेचाळीस वर्षांची बाई, डोक्यावरचा पदर उडाला तरी धरला नाही.

इथपर्यंत पत्र काल लिहून झालं होतं. आज पुढचं लिहायला बसले तेव्हा आधी भांडी घासली, मग वह्या तपासल्या, मग बापूंची नखं काढली. आता काही काम उरलेलं नाही.

त्या मोटारीला मागे झाकण आहे. तुला मी काय सांगणार. मूठ फिरवून ओढलं की झाकण उलगडतं आणि आतून दोन माणसांची सीट निघते, उघड्या आभाळाखाली. साहेबांनी मुद्दाम सांगून मागवली होती, सगळ्या भागात तशी दुसरी नव्हती. साहेब औंढ्याच्या देवळात दर्शनाला गेले, नोकर पुढे चालत गेले, त्यांची ती सीट रिकामी झाली म्हणून तू मला तिथे बसवून एक फेरी मारलीस. मी बारा वर्षांची. रेवड्या खाल्ल्या. धक्क्यानं माझ्या पायातला एक वाळा आत निसटला, तो शोधायच्या आत तू मला उतरवलंस, साहेब येत होते.

श्रावणापासून हे म्हणत होते, मागचं झाकण उघडत नाही, मूठच नाही, कापावं लागेल. मी म्हणायचे, आधी इंजिन करा. मग मी म्हटलं, टप करा. मग रंग. नरसीच्या रस्त्यावर मागून खळखळ ऐकू आली. हे म्हणाले, नट सुटलाय. घरी आल्यावर यांनी पहार आणली आणि फटीत घातली.

मी पहार धरली. घरात गेले, ट्रंकेच्या तळाशी याडीनं लेकीला ठेवलेल्या घागऱ्याच्या, तिच्या आरशांच्या फेटियाच्या तुकड्यात गुंडाळलेली मूठ काढली आणि आणून यांच्या हातावर ठेवली.

ती मीच काढली होती, भिया.

तुला आठवतं, मामा आले की आपण लेकरं त्यांच्या बैलगाडीची खीळ लपवायचो? खीळ सापडेपर्यंत पाहुणा निघत नसे. सगळे शोधायचं सोंग करायचे, मामा हसायचे आणि एक रात्र जास्त राहायचे. तू सांगितलंस, साहेब कायमचे हैद्राबादला चाललेत, मीही मोटारीबरोबर जाणार. मला एवढंच कळलं, की मोटारीची खीळ लपवली पाहिजे. साऱ्या मोटारीत मला काढता येईल अशी एकच वस्तू सापडली. ती मी ज्वारीच्या कणगीत घातली.

मुनीम म्हणाला, चांदी समजून ड्रायव्हरनं विकली. साहेबांनी तुला कामावरून काढलं. मला ते ऐकून आनंद झाला, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तासभर मी खूश होते. आता भिया घरीच राहील. मग तांड्याच्या नायकासमोर बापू तुला म्हणाले, "चोर माझ्या घरात नको." तू माझ्याकडे बघितलंस, मी काही बोलेन म्हणून नाही, फक्त निघण्याआधी बघावं तसं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्या दिवशी भीती होती. पुढे लाज. पुढे वर्षं.

मोटार चालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून साहेब रेल्वेनं गेले. ड्रायव्हर पाठवतो म्हणाले, पुढे हैद्राबादचं राज्यच गेलं, ती सगळी धामधूम झाली, कुणी आलं नाही. म्हणजे माझ्या लपवण्यानं मोटार तेवढी राहिली. तू गेलास. याडी गेली तेव्हा आलास तोही तांड्याबाहेरच्या लिंबाखाली बसून परत गेलास.

तर मूठ यांच्या हातावर होती आणि बापू शेजारी उभे होते. मी सगळं सांगितलं. यांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली. बापूंनी मूठ चाचपून बघितली. खूप वेळ. म्हणाले, "काहून सांगितलं न्हाई गं?"

मी म्हटलं, "तुमची भीती वाटली."

"व्हय. मी तसाच व्हतो." मग म्हणाले, "लेकरू पाहुणा थांबवून राहिलं व्हतं, आन् म्या पोराला हाकललं." यांनी मूठ लावायला हात पुढे केला तर बापूंनी ती फेट्यात खोचली. "मी त्याच्या गाडीत त्याच्याबिगर बसत न्हाई, आन् हे झाकण बी दुसऱ्या कुणी उघडायचं न्हाई. त्याला धाड."

पार्सलात ती मूठ आहे. आता उघड. फडक्यावरचे चार आरसे याडीच्या हातचे आहेत.

तू रागावशील तर तो राग माझा आहे, बापूंवर टाकू नकोस. मूठ पोस्टानं परत आली तरी मी समजेन, आणि झाकण तसंच ठेवेन. पण बापू रोज सकाळी हातानं मोटार पुसतात आणि मागे आले की एक धक्का देऊन ऐकतात. आतला वाळा वाजतो. मग दिवसभर खूश असतात. काल मला म्हणाले, "लिही, म्हातारा मागच्या सीटवर बसणार हाय. शंभर मैलानं न्हाई, बैलाच्या चालीनं नेशील तरच."

ओट्यावर तुझी खाट टाकली आहे. या वेळी काही लपवणार नाही, निघायचं तेव्हा नीघ.

तीस वर्षं तुझ्या नावावर राहिलेली
या घरातली चोर,
रूपा