कमलच्या कडेवरचा स्पीकर

मोखाडा, रविवार संध्याकाळ

कमलचं किती कौतुक करू! माझी जुनी विद्यार्थिनी, आता कार्यक्रमांना साउंड लावते. नाचात तारपा फुंकणाऱ्या धाकलूमामांचा दम हल्ली कमी पडतो, तारप्याचा सूर नाचणाऱ्यांच्या शेवटच्या टोकाला पोचत नाही. आजही पोचला नाही तर वाजवणं सोडणार म्हणत होते.

मैदानाच्या कडेला स्पीकर लाव, असं मीच सांगितलं. नाच सुरू झाला आणि पावलं चुकायला लागली. मामा थांबले. "आवाज पोरींच्या मागून येतो. तारप्याला पाठ करायची नाय, ठावं नाय तुला?"

मला कसं सुचलं नाही?

कमलने जीभ चावली. कडेचे स्पीकर बंद केले, बॅटरीवरचा छोटा स्पीकर लेकरासारखा कडेवर घेतला आणि मामांच्या मागोमाग फिरू लागली.

"नाचायला बोलावलं की पळायचीस. आता बरी सापडलीस!" मामा हसले.

"तुम्ही वाजवा मामा, हात भरून आलाय माझा."

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला पियानोजवळून हलू द्यायच्या नाहीत. सूर चालतोसुद्धा, आणि कुणीतरी त्याला कडेवर घेऊन चालतं, हे साठीनंतर पाहिलं.

शेवटच्या पोरीचंही पाऊल चुकलं नाही. मामांनी तारपा पुसला, खांद्यावर टाकला. "पुढच्या नाचाला हिलाच बोलवा," म्हणाले.