न वाजवलेला खांब

२४ मार्च, मंगळवार
टाकव्याच्या देवळाचं काम सुरू. सभामंडपातला घंटेजवळचा लाकडी खांब पितळी पत्र्यानं मढवायचाय, यात्रेच्या आत. सुतारकाम नामदेवभाऊचं, पत्र्याचं तांबटकाम माझं. मानलेला भाऊ, राखी बांधते त्याला. हे गेल्यापासून तोच पाठीशी.
सासरे सांगून गेलेत, पत्रा लावायच्या आधी सुतारानं आणि तांबटानं मिळून खांब वरपासून खालपर्यंत हातोडीनं वाजवून घ्यायचा, पोकळ असेल तर आवाजात कळतं. भाऊ म्हणाला, "ताई, मी वाजवलाय. ठणठणीत हाय. तुझी कंबर दुखती, वाकू नगं." बरं वाटलं. इतकं कोण बघतं आपल्याकडं?

२७, शुक्रवार
पत्रा तापवून मऊ केला, लाकडी मोगरीनं ठोकून गोलाई आणली. बोटं सुजलीत. पण वरचा भाग काय झकास बसलाय! कमिटीचे आबा दोनदा हात फिरवून गेले. खालच्या पत्र्यावर वेलबुट्टी काढतेय.

२८, शनिवार
खालचा पत्रा लावून बघितला. पहिलाच खिळा लोण्यात गेल्यासारखा आत. आवाज भद्द. पत्रा काढून रंग खरवडला. आत लांबी भरलेली, भोकं बुजवायचा लगदा! लांबीमागं भुसा आणि वाळवी. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत खांब नुसता पोकळ. वर तुळई, तुळईला घंटा, आणि यात्रेला पोरं बसतात बरोबर त्याखाली.
लांबी कुणी भरली ते कळलंच. तरी भाऊला विचारलं.
"आता बोललो तर मंडप बंद करत्याल. खांब चांगला हाय म्हून मीच सांगितलं हुतं कमिटीला. पत्रा धरल की त्याला."
"पत्रा धरत न्हाई भाऊ. पत्रा झाकतो."
"मग झाक की! भन हाईस न्हवं माझी?"
मेल्या, म्हणून मला बोलावलंस होय! आणि वर माझ्या कंबरेची काळजी!

३०, सोमवार
कालवण दोनदा खारट केलं. ज्यानं ह्यांना खांदा दिला त्यानंच केसानं गळा कापावा?
सांगितलं तर मावळात त्याला कुणी काम देणार नाही. न सांगितलं तर... नकोच ते.

३१, मंगळवार
परवा यात्रा. संध्याकाळी वहिनी, भाऊची बायको, पत्रा न्यायला आली. तिला काही ठाऊक नाही. हसून म्हणते, "ताई, आमचा ओंकार त्याच खांबाला टेकून ढोल वाजवनार हाय. फोटू काढा बरं का."
भाऊला हे माहीत आहे? असणारच. बाप आहे तो.
पत्रा दिला नाही. म्हटलं, वेलबुट्टी पुरी व्हायचीय. ती कधीच पुरी झालीय. घ्या, मीही खोटं बोलायला लागले.
हातोडी पिशवीत टाकलीय. सकाळी आबांसमोर भाऊला म्हणणार, चल, खांब वाजवून घेऊ, दोघं मिळून, रीतीप्रमाणं. येईल का तो पुढं? की नुसता माझ्याकडं बघत राहील, राखीच्या दिवशी बघतो तसा, आणि माझाच हात हातोडीवरून मागं येईल?