मुद्रक व प्रकाशक दयाराम इंगळे

खामगाव,
ता. ९ जानेवारी १९६६

चि. शंकर यास कलाताईचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझा 'पाणवठा' दर सोमवारी टपालाने येतो. माझी कमल त्याची होडी करायच्या आत मला तो वाचून घ्यावा लागतो, संपादकसाहेबांनी राग मानू नये. बाबा गेल्यापासून तू एकही अंक चुकवला नाहीस. डोणगावसारख्या गावातून एकट्याने साप्ताहिक काढायचे म्हणजे थट्टा नाही. मला तुझे कौतुक वाटते, आणि ते तोंडावर सांगायला मी तिथे नाही याचे वाईटही वाटते.

परवा मात्र ह्यांनी अंक खालून वाचायला घेतला. कोर्टातल्या कारकुनाची खोड, दुसरे काय! शेवटची ओळ वाचून विचारू लागले, की बाबा तर गेल्या चैत्रात गेले, मग 'मुद्रक व प्रकाशक दयाराम कडूबा इंगळे' हे अजून कसे? मी हसले. हे हसले नाहीत. ह्यांचे म्हणणे असे, की ते नाव शोभेचे नसते. ज्याने मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहून डिक्लरेशन केले, त्याचेच नाव तिथे लागते. तो गेला की दुसऱ्याने जाऊन नवे डिक्लरेशन करायचे, आणि ते मंजूर होईपर्यंत छापायचे नाही. छापले तर कैदसुद्धा होते. इतकी वर्षे छापखाना चालवतोस आणि तुला हे ठाऊक नाही, असे मी मानत नाही. मग काऊन बे थांबलास?

मायला माझा नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
कलाताई

डोणगाव,
ता. २० जानेवारी १९६६

ती. कलाताईस शंकरचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझे रागाचे पत्र पोचले. नियम मला ठाऊक आहे. मायला तो कसा सांगावा, एवढेच ठाऊक नाही.

ती ओळ बाबांनी स्वतः शिशाचे खिळे जुळवून दोऱ्याने बांधली होती, तुला आठवत असेल. ती मोडून पुन्हा जुळवायची नाही, तशीच दर आठवड्याला लावायची, ही त्यांची रीत. आता ती ओळ माय घरी नेते. डब्यात ठेवते, शनिवारी पदराखाली घेऊन छापखान्यात येते, छापून झाले की रॉकेलने पुसून परत नेते. तिला अक्षर येत नाही, पण बोट फिरवून बाबांचे नाव कुठून सुरू होते ते दाखवते. मी एकदा विषय काढला. तर म्हणाली, की ज्या माणसाला गावाने कधी पुऱ्या नावाने हाक मारली नाही, त्याला मॅजिस्ट्रेटने खुर्ची देऊन पुरे नाव विचारले, ते नाव वर्ष भरेपर्यंत तरी राहू दे. चैत्रात बाबांचा स्मृतिदिन झाला की लगेच कचेरीत जातो. तोवर कोण पाहते शेवटची ओळ? तुझ्या नवऱ्यासारखे वाचक गावात नाहीत.

आता खरी बातमी. सरकारच्या दुष्काळी कामावर सडकेची खडी फोडायला आपल्या वस्तीच्या सोजराबाई जातात. त्यांचा नवरा दिवाळीत वारला. तरी सकाळी हजेरी पुकारताना मुकादम त्याचे नाव घेतो आणि मागून कुणीतरी 'हजर' म्हणतो. बाईने हे स्वतःच्या कानांनी ऐकले आणि तिथेच खाली बसली. असे आणखीही मेलेले लोक खडी फोडतात म्हणे, आणि त्यांची मजुरी मुकादम उचलतो. मुकादम सोसायटीच्या हिंमतरावांचा भाचा आहे. या शनिवारी पहिल्या पानावर घेतो. बाबा असते तर त्यांनीही घेतले असते.

भाऊजींना नमस्कार, कमलला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शंकर

खामगाव,
ता. ४ फेब्रुवारी १९६६

चि. शंकर यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

अंक वाचला. सोजराबाईंचे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. असे लिहायला छाती लागते, ती तुला बाबांनी दिली आहे.

आणि म्हणूनच मला रात्री झोप नाही. ह्यांनी अंक दोनदा वाचला, मग पहिल्या पानावर एक बोट आणि शेवटच्या ओळीवर दुसरे ठेवले. नंतर म्हणाले, की हिंमतराव गावचे पुढारी, सोसायटीचे अध्यक्ष. असला माणूस मारायला माणसे पाठवत नाही, तो वकिलाकडे जातो. मेलेल्याची हजेरी लावली म्हणून शंकरने त्याला पकडले, आणि शंकरच्या अंकावर मेलेला माणूस दर आठवड्याला हजर आहे.

मायच्या पाया पड, रड, काहीही कर, पण हे पत्र वाचताच कचेरीत जा. नवे डिक्लरेशन होईपर्यंत अंक काढू नकोस. दोन आठवडे 'पाणवठा' आला नाही तर कमल रडेल, मी नाही.

काळजीत असलेली,
कलाताई

डोणगाव,
ता. १६ फेब्रुवारी १९६६

ती. कलाताईस सप्रेम जयभीम, वि. वि.

काल हिंमतराव छापखान्यात आले होते. एकटेच. आजवर त्यांनी आपल्या वस्तीत पाय ठेवला तो एकदाच, बाबांच्या अंत्ययात्रेला. काल मात्र स्टुलावर बसले, चहा मागून घेतला, आमच्याच कपात प्याले. सोजराबाईंचे नाव नाही, सडकेचे नाव नाही. मायची तब्येत विचारली. मग ताजा अंक उचलला आणि भाऊजींसारखाच खालून वाचायला लागले. ओळ मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर विचारले, की दयारामबुवा सध्या कुठे असतात, बऱ्याच दिवसांत भेट नाही. ताई, या माणसाने बाबांच्या चितेला माझ्या डोळ्यांदेखत लाकूड दिले आहे. जाताना अंकाची घडी नीट करून खिशात घातली.

तुझे ऐकून मी मागच्या आठवड्यात जिल्ह्याला गेलो होतो. साहेब दौऱ्यावर होते, कारकून पुढच्या आठवड्यात या म्हणाला. परत आलो तो सोजराबाई दारात उभ्या. आपले छापून आले म्हणून त्यांना कामावरून काढले. मेलेला नवरा कामावर आणि जिवंत बाई घरी! आता सांग, तो अंक मी थांबवायचा होता का? मी थांबवला नाही. मायने डबा उघडला, आणि ओळ मी माझ्या हाताने लावली. माझे चुकले असेल. पण तेव्हा मला दुसरे काही सुचले नाही.

भीती वाटते आहे, हे तुझ्यापाशी कबूल करतो. मायला काही लिहू नकोस. आठवण ठेव.

तुझा,
शंकर

डोणगाव,
ता. २९ मार्च १९६६

पोरी कला, तुह्या मायचा जयभीम. हे पत्र मी बोलून राह्यली आन छापखान्यातले भाऊराव लिहून राह्यले. मी बोलतो तसंच लिहा, असं म्या त्याइले बजावलं.

शिपाई समन घेऊन आला तो तुह्या बापाच्या नावानं. दयाराम कुठी आहे, म्हने. म्या त्याले मसनवाट दाखवली. त्यानं कागद दाराले चिकटवला आन गेला.

तालुक्याच्या कोर्टात मी शंकरसंगं गेली. वकिलानं त्याले सांगतलं होतं का नाव पुकारलं तरी तू गप्प राय, मेलेल्या मानसावर खटला चालत नाही. हिंमतराव समोरच्या बाकावर बसले होते. पट्टेवाल्यानं दारात येऊन पुकारलं, दयाराम कडूबा इंगळे हाजिर हो. पुरं नाव घेतलं पोरी, जसं त्या दिवशी खुर्ची देऊन घेतलं होतं तसं. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं आन माह्या तोंडातून निंघून गेलं, हाजर.

सारे हासले. हिंमतराव हासले नाहीत. त्याइनं मले हात जोडले. साहेबानं इचारलं का बाई, तो जिवंत आहे काय? मंग शंकर उभा झाला आन म्हने का माहा बाप मेला, नाव म्या छापलं, मायले काही इचारू नका. मले वाचवाले बोलला तो. त्याले तीन महिन्यांची कैद झाली. छापखान्याले सील लावलं. ओळ मुद्देमालात गेली, दोऱ्यासकट.

म्या हट केला नसता तर पोरगं आज घरी असतं. हे मले कोनी सांगाची गरज नाही.

काल सोजरा आली होती. सडकेवर तिच्या नवऱ्याचं नाव अजून पुकारतात, आन मांगून हाजर म्हनतात. छापनारं आता कोनी नाही.

म्हनून इचारतो. त्या डिक्लरेशनाले जिवंत मानूस पायजे म्हनतात, तं मी जिवंत आहो. जावाईबुवाले इचारून लवकर कळव, सहीच लागते का आंगठा चालते. माया हाय तशी राहू दे.

चांगुणा दयाराम इंगळे
(आंगठा)