पान नऊ

बारामती,
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय स्वरूपा,

एकाच पाकिटात दोन पत्रं मिळाली. एक मंडळाचं, टाइप केलेलं, आणि एक तुझ्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरातलं. आधी तुझं वाचलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळून जीव भांड्यात पडला. आता महिनाभर विणकामाला हात लावू नकोस. माझे गुडघे कुरकुरतात, पण कळसच्या एस.टी.त चढण्याइतके शाबूत आहेत.

मग मंडळाचं वाचलं. ‘प्रायोगिक अभ्यासास एक वर्षाचा निधी देण्यास हरकत नाही, मात्र अर्जातील पान नऊ वगळावे, अथवा त्यातील घटनेचा पुरावा द्यावा.’ खाली विश्वस्त म्हणून तुझी सही. आणि तुझ्या चिठ्ठीत, ‘प्रयाग, हट्ट करू नकोस. एका ऐकीव गोष्टीपायी चाळीस माणसांचे उपचार अडवशील का? दादाच्या नावाचा निधी आहे. तो त्याच्याच मुलखात यावा असं मला वाटतं.’

मलाही वाटतं. तरीही पान नऊ राहील.

सोबत परत आलेल्या अर्जाच्या समासात तुमच्यातल्या कुणीतरी लिहिलंय, ‘उपचार दूध डेअरीवर कशाला? दवाखाना नाही का?’ त्यांना सांग, दवाखान्याच्या पायरीवर दारुडा दिसला की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. कळसच्या डेअरीवर मात्र सगळेच येतात, रोज, दोन्ही वेळा. पाऊस असो, मयत असो, दूध थांबत नाही. म्हणून आमच्या डॉक्टर सोपाननी ठरवलं की सकाळी दूध घातलं की तिथंच, डेअरीचा सेक्रेटरी कुंडलिक याच्यासमोर, गोळी घ्यायची. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. क्वचित माणूस दगावतोही. गोळी दारू सोडवत नाही. ती रोज सकाळी घेणारा माणूस त्या दिवसापुरतं स्वतः ठरवतो, एवढंच. त्यासाठी त्याला ती काय आहे हे ठाऊक हवं. पान नऊवर एवढंच लिहिलंय. माणसाला सांगितल्याशिवाय, त्याची सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय कुणालाही गोळी द्यायची नाही, घरच्यांच्या हाती तर नाहीच. आणि का, ते एका जुन्या घटनेवरून.

मागच्या आठवड्यात कळसच्याच, रोज पिणाऱ्या तात्याबाची बायको बानूबाई माझ्याकडे आली. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता चार म्हशी आहेत. आल्या आल्या पदरानं तोंड पुसून म्हणाली,

“बाई, मला धा-बारा गोळ्या द्या गुपचूप. मी कालवणात कुटून घालती. त्येला कळायचं बी न्हाय.”

मी म्हटलं, “नाही. त्यांना सांगूनच द्यायची.”

“सांगितल्यावर घेतोय व्हय त्यो! तुमी बी काय बाई!”

“मग नको.”

तशी ती उठली. “व्हय, तुमाला काय कळायचंय. तुमचं मालक मोठं मानूस. गाडीतनं यायचं, गाडीतनं जायचं. रातच्याला चिखलातनं वडून आणलंय का कधी कुनाला?”

स्वरूपा, मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः डेअरीवर गेले. तात्याबा रांगेत होता, किटली हातात, डोळे तांबारलेले. सगळ्यांसमोर बोलणं बरं नव्हे म्हणून बाजूला घेतलं आणि गोळी काय आहे, काय करते, काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. मरणाचंही. तो बराच वेळ किटलीचं झाकण फिरवत राहिला. मग रांगेकडे वळून मोठ्यानं म्हणाला, “ऐकलं का कुंडलिकराव? आजवर माझ्या दुधाची फॅट बघत हुता, आता माझी बी बघा! पानी घातलं की यंत्रात दिसंल.” सगळी रांग हसली. जाताना मात्र हळू आवाजात म्हणाला, “बाई, मरतोय असं तोंडावर सांगितलंत म्हनून घेतो. चोरून दिली असती तर बानीची खांडोळीच केली असती.” त्यानं अंगठा दिला. अजून निधी नाही, गोळ्या नाहीत, रक्त तपासायची सोय नाही, आणि यादीत पहिला अंगठा तात्याबाचा आहे.

आता पुरावा.

पाचगणीला सिस्टर अगाथांचा वह्यांचा नियम आठवतो? चुकलं तर पान फाडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आपलं नाव लिहायचं. तू एकदा भूगोलाचं पान फाडलंस, आणि शिवणीपलीकडचं त्याचं जोडपान चार दिवसांनी आपोआप सुटून पडलं. तू रडलीस, मी हसले, आणि दोघींना जेवणाच्या हॉलबाहेर उभं केलं. त्या शाळेतलं बाकीचं बरंच विसरले. तेवढं ते सुटून पडलेलं पान विसरता येत नाही.

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत तुझ्या दादांना कावीळ झाली होती, ते तुला माहीत आहे. त्यानंतर दोन महिने त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. हे तुला माहीत नाही, कारण मी कुणाला सांगितलं नाही. ते टिकेल यावर माझाच विश्वास नव्हता. लग्नसराई तोंडावर होती. पुण्याच्या एका औषधाच्या दुकानातून मी या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आपल्या घरात पुरुषांना न सांगता त्यांचं भलं करायची रीतच होती. तुझ्या आईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, “त्यांच्या कानावर घालू नकोस, आपण निस्तरू.” कॉन्व्हेंटात शिकलेली मी, तेवढं मात्र चटकन शिकले. रोज सकाळी गोळी कुटून पिठल्यात घालायची. ते म्हणायचे, “प्रयाग, तुला शेवटी पिठलं जमलं बरं का.”

कळसच्या लग्नात मित्रांनी आग्रह केला. एक ग्लास, फार तर दीड. गाडीतून उतरले तेव्हा तोंड विटेसारखं लाल होतं. मला म्हणाले, “अगं, एकच घेतली. मग असं का होतंय?”

मला उत्तर माहीत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “यांना काही औषध चालू आहे का?” मी म्हटलं, “नाही.”

पहाटे ते गेले. सर्टिफिकेटवर हृदयविकार लिहिला गेला. तू आलीस, माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, “दारूनं खाल्लं गं माझ्या दादाला,” आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या रडण्यातून तू हा निधी उभा केलास. दहा वर्षं दर स्मृतिदिनाला तुझं पत्र येतं आणि मी हवापाण्याचं उत्तर लिहिते.

गोळी वाईट नाही. तात्याबासाठी मी तिच्यावर अजूनही भरवसा ठेवते. पण तुझ्या दादांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी तो ग्लास ठेवला असता, हे मला त्यांच्या त्या प्रश्नावरून ठाऊक आहे. त्यांना मी ठरवू दिलं नाही.

तेव्हा मंडळाला सांग, घटना ऐकीव नाही. अर्ज सोबत परत पाठवते आहे. पान नऊवर ‘एका स्त्रीने’ हे शब्द एका रेघेनं खोडले आहेत आणि शेजारी माझं नाव लिहिलं आहे. खालचं वाचता येतं. ज्याला पोलिसांत जायचं असेल त्यानं जावं, पत्ता वर आहे. निधी द्या किंवा देऊ नका, पण ते पान काढून दिलेला पैसा मी घेणार नाही, आणि तुझ्या दादांच्या नावाचा तर मुळीच नाही. कुणीच दिला नाही तर डॉक्टर सोपान आणि मी तात्याबाच्या एका अंगठ्यावर सुरू करू. काल बानूबाईही आली होती. या खेपेला मी पाणी दिलं आणि हे सगळं तिला आधी सांगितलं. ती खूप वेळ माझा हात धरून बसली. म्हणाली, “मग आता रोज सकाळी मी बी डेअरीवर येती. उघड्यावर.”

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागितली की द्यायचं बंधन तुझ्यावर येतं. दादांचा फोटो तुझ्या कपाटावर आहे, त्याच्यासमोर हे एकदा मोठ्यानं वाच. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळायचं राहिलं आहे.

शाळेतली तुझी, आणि यापुढेही म्हणशील तर तुझी वहिनी,
प्रयाग