सोमवारचा पाऊण इंच

शुक्रवार, २७ सप्टेंबर १९३५

“डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, मनात येईल ते नाही.” सव्वीस वर्षांपूर्वी मला अक्षरं शिकवताना हे म्हणाले होते. आता यांनाच दिसत नाही. मी बघते, हे सही करतात.

शाळेमागे पाऊस मोजायचं सरकारी यंत्र आहे. सकाळी आठला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा लिहायचा. टपालवाला जोतीराम कागद जेऊर स्टेशनात नेतो, तिथून पुण्याच्या हवामान कचेरीला तार. वैशाखापासून मोजते मीच. गावाला वाटतं, मास्तरांची कंबर धरली म्हणून बाई वाकतात. वर्गात यांचं निभतं — पुस्तकं तोंडपाठ! पण डोळ्यांचं कळलं तर शाळा जाईल. पेन्शनला दोन वर्षं आहेत.

आज शून्य. हस्त लागला तरी आभाळात ढगाचं बोटही नाही.

शनिवार, २८

शून्य. अंग मोडून आलंय.

धनगराचा गुंडा ओसरीवर येऊन बसला. त्याची मेंढरं माळावर आहेत, माळावर आता काडी नाही.

“बाई, पुन्याची हवा काय म्हन्ती?”

वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं — सोलापूरकडे आठवडाभर हवा कोरडी, पावसाचा संभव नाही.

“मंग झ्याक! चार तारखंपातुर न्हाई पडला तर सरकार मालगाडीला जोडून जेऊरला चाऱ्याची वाघीण लावनार हाय. पाऊस न्हाई म्हनून हसनारा मी पयलाच आसंन की!”

हसला खरा. कपाळावरचा घाम मात्र पुसत राहिला.

रविवार, २९

शून्य. हुडहुडी. क्विनाइन घेतलं. कानांत नुसतं घूं घूं. हे काहीतरी विचारत होते, ओठ हलताना दिसले तेवढेच.

सोमवार, ३०

पाऊण इंच! मापात पाणी! भोवतीची माती ओली. रात्री मेल्यासारखी झोपले होते, कान बंद — आणि हा येऊन गेला! धावतच घरी आले. “पाऊण इंच! अहो, पडला!”

हे म्हणाले, “नक्की?” मी म्हटलं, दोनदा बघितलं. सही केली. जोतीराम कागद घेऊन गेला.

दुपारी अंगणात झाडलोट केली. धूळ उडाली! मनाला म्हटलं, उन्हानं सुकलं असेल.

मंगळवार, १ ऑक्टोबर

शून्य. जोतीराम दारातूनच ओरडला, “बाई, पाऊस तुमच्या शाळंवर येकटाच पडला व्हय? वढ्याकडं न्हाई, जेऊरला न्हाई. आमी काय पाप केलं?” मी हसले. तो गेल्यावर यंत्रापाशी जाऊन नीट बघितलं.

कडेला हळदीचं पिवळं बोट उमटलं होतं. सोमवारी मला ते दिसलं नव्हतं? दिसलं असेल. पाऊस हवा होता, म्हणून बघितलं नाही.

बुधवार, २

शून्य. वर्तमानपत्र आलं. “सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात पावसास आरंभ. येत्या आठवड्यात आणखी संभव.” हे माझ्या एका आकड्यावरून!

संध्याकाळी गुंडा आला. बसला नाही.

“वाघीण न्हाई म्हनत्यात. तुमच्याकडं पाऊस झाला म्हनं. बाई, कुटं झाला? मला दाखवा तरी! म्येंढरं न्हीतो तितं.”

काय दाखवू?

गुरुवार, ३

शून्य. गुंडाची आई केराबाई दूध घेऊन आली. एवढंसं, तांब्याच्या बुडाला. तिच्या नखांत हळद होती.

“बाई, पान्याची तार पुन्याला गेली म्हनं! आता येतुया बगा.”

“केराबाई, यंत्राला हळद तुम्ही लावली?”

“व्हय की! तुमी रोज सकाळी त्येच्याम्होरं वाकता. म्हनलं, ह्यो सरकारचा पानीद्येव दिसतुया, हितं मागनं लवकर पोचंल. सोमवारी पाटंचं आले. हळद लावली, फुलपात्रभर पानी वतलं, भवती सडा घातला. चुकलं काय?”

“नाही,” म्हटलं मी.

“दोन कोकरं गेली काल. तेवडीच. आता द्येवानं ऐकलं.” माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

तिचं दूध तापवायलाही मन होईना. रोज तिथं वाकत होते मी. तिनं बघितलं मला, आणि वाघीण गेली तिच्याच लेकाची. मीठभाकर करून यांना जेवायला वाढलं आणि सगळं सांगून टाकलं.

शुक्रवार, ४

शून्य.

काल हातातला घास खाली ठेवून हे म्हणाले, “मला त्याच सकाळी ठाऊक होतं. रात्रभर जागाच होतो. पत्र्यावर थेंब वाजला नाही.”

ठाऊक होतं! तरी सही केली. कागद अडवून ‘पुन्हा बघ’ म्हटलं असतं तर ‘तुमच्या डोळ्यांनी बघून सांगा’ असं कुणीतरी म्हणालं असतं — त्याची भीती. वाघिणीचं माहीत असून!

मामलेदारांना अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारचा आकडा खोटा, मोजला मी, मास्तरांना दिसत नाही, वाघीण पाठवावी. केराबाईचं नाव घातलेलं नाही. माझ्या एकटीच्या सहीला कचेरीत कोण विचारतो? खाली जागा सोडली आहे. हे आंघोळीहून आले की टाक बुडवून हातात देईन, बोट धरून ओळीवर टेकवीन आणि म्हणेन, एवढी एक सही करा.

करणार नाहीत.