शेवंतीचा खोकला आणि अर्ध्या तासाची वरात

सोलापूर,
बुधवार, सकाळचे अकरा

तीर्थस्वरूप मायाप्पा दाजी यांस,

धाकटा मेहुणा सिद्धराम याचा वाकून नमस्कार. (वाकायला तुम्हाला डॉक्टरांनी मनाई केल्याचं कळलं, म्हणून तुमच्या वाट्याचंही मीच वाकतो आहे.) नवा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो का? पुण्याचं जेवण तुम्हाला गोड लागत असणार, तर शेंगाचटणीचा डबा पाठवतो आहे, तो नर्सबाईंच्या नजरेस पडू देऊ नका. अक्काला सांगा, इकडे सर्व क्षेम आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण अक्का फोन स्पीकरवर टाकते, आणि ‘शेवंती’ म्हटलं की पुढचं ऐकून न घेता रडायला लागते. म्हणून पत्र. पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं ते आता लिहितो : तुमची घोडी ठणठणीत आहे. आता सावकाश वाचा.

तुम्ही मैंदर्गीहून शेवंतीला टेंपोत घालून आमच्या परसात आणून बांधलीत, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती खोकली. दाजी, माणसाचा खोकला मला माहीत आहे. टॉवेलच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं टाइमकीपर होतो, तिथं सुताच्या तुसानं सगळेच खोकायचे. पण घोड्याचा खोकला म्हणजे पत्र्यावरून पिंप गडगडत आल्यासारखा. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, प्रियदर्शनीबाईंना, बोलावलं. वयानं लहान, पण घोडीच्या छातीला नळी लावून त्यांनी असं काही ऐकलं की मलाच धाप लागली. म्हणाल्या, “कडब्याच्या धुळीनं झालंय. चारा भिजवून घाला. औषध तीन आठवडे. आणि काका, हिला बांधून ठेवू नका, छाती आणखी भरेल. रोज अर्धा तास हातानं चालवा. पळवायचं नाही, नाचवायचं नाही, पाठीवर कुणाला बसवायचं नाही. धूळ नको, धूर नको. आत्ता दमली तर दमा कायमचा जडेल, मग वरातीचं काम विसरा.”

हे ऐकून मी वहीत तीन अडचणी लिहिल्या. एक तर तुमचं पोट त्या घोडीवर. दुसरं, मी घोड्याला घाबरतो. (तुमच्या लग्नात तुमच्या घोडीनं माझी टोपी खाल्ली होती, तेव्हापासून.) तिसरं, ‘धूळ नको’ हे सोलापुरात कोणाला सांगायचं?

पण आम्ही कंबर कसली. औषधाची पूड गुळात घालून दिली, तर बाईसाहेब गूळ गिळून पूड माझ्या सदऱ्यावर शिंकायच्या. मग ज्वारीच्या शिळ्या भाकरीत गुंडाळून पाहिली, ती चालली. फिरायला काढल्यावर ‘थांब, थांब’ म्हणून मी शुद्ध मराठीत घसा कोरडा केला, ती ढिम्म. माझी बायको अंबुबाई अक्कलकोटकडची, तिनं दारातूनच “निल्लु!” म्हटलं आणि घोडी खिळा ठोकल्यासारखी उभी. तुमची घोडी कानडी आहे हे जाताना सांगून गेला असतात, तर माझ्या पायाचा अंगठा वाचला असता. असो. नख येतंय.

तेव्हापासून रोज सकाळी आठ ते साडेआठ, घड्याळ लावून, होटगी रस्त्याकडची डांबरी गल्ली धरून आमची फेरी सुरू झाली. दहाव्या दिवशी खोकला दिवसाला चारवर आला (माझी वही आहे). आणि बाराव्या दिवशी, म्हणजे गेल्या रविवारी, ते घडलं.

वळणावर एक मंगल कार्यालय आहे. उन्हामुळे लग्न सकाळीच उरकायचं होतं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघण्यासाठी फुलं लावलेल्या मोटारीत एक पाय टाकून उभा. तेवढ्यात बँड सुरू झाला. दाजी, शेवंतीचे कान उभे राहिले. मान वळली. पुढचा उजवा पाय उचलला गेला. नाचली असती तर बारा दिवसांची मेहनत आणि तुमचा पुढचा हंगाम, दोन्ही गेलं असतं. ती सरळ गर्दीत घुसली आणि मोटारीपुढे, आपल्या नेहमीच्या जागी, जाऊन उभी राहिली.

नवरदेवाची आजी केराबाई काठी टेकत पुढे आली. “घोडी आपल्या पायानं दारात आलीया, आन तू मोटारीत बसतोस व्हय, अमरेश? देवानं धाडलीया ती. उतर खाली!”

बाप म्हणाला, बसवू या की. दोघं जण नवरदेवाला उचलायलाही लागले. तेव्हा आमच्याकडून उत्तर गेलं, “घोडी आजारी हाय. पाठीवर कोणी बसायचं न्हाय. नवरदेवाला देवानं पाय दिल्यात की!”

मग मी घड्याळ काढलं आणि पथ्य वाचून दाखवलं : फटाके नकोत, धूर नको, बँड हळू. मित्रमंडळी माळ पेटवायच्या बेतात होती, पण आजीनं काठी उगारली आणि माळ खिशात गेली. बँडमास्तर आदिनाथ बुचकळ्यात पडला. “काका, हळू चालीचं आमाला एकच येतंय. बारशाचा पाळणा.”

“वाजवा,” म्हटलं.

आणि दाजी, वरात निघाली! पुढे पाळणा वाजतोय, मागे घोडी पावलं मोजत चाललीय, तिच्या शेजारी शेरवानीतला अमरेश पायी, आणि बायका पदर तोंडाला लावून हसताहेत, की अजून अक्षता पडल्या नाहीत तोवर बाळ निजवायला काढलं. शेवंतीचा पाय तालावर उचलायचा, पण पाळण्याच्या तालावर नाचून नाचून नाचणार किती? मारुतीला जाऊन परत, सारा मार्ग ती एकदाच खोकली, तेही अत्तर फवारलेल्या मामांच्या अंगावर. मांडव वीस पावलांवर असताना अर्धा तास भरला. मी हात वर केला. वरात थांबली! सहाशे माणसं, दाजी, एका घोडीच्या छातीसाठी. नवरदेव उरलेली वीस पावलं एकटा गेला, आणि आजीनं शेवंतीची दृष्ट काढली.

काल डॉक्टरीणबाई आल्या. नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाल्या, “स्वच्छ!” मी परसातच टोपी उडवली. (शेवंतीनं खाल्ली नाही. आमचं आता जमतं.) आठवडाभर आणखी चालवायची, मग हलकं माणूस पाठीवर चालेल, असा निकाल आहे.

अक्काला साष्टांग नमस्कार. गुडघ्यालाही आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सिद्धराम

ता. क. – हे पत्र अंबुबाईनं वाचलं. म्हणते, दोरी कोणाच्या हातात होती तेही लिहा. तर बारा दिवस दोरी तिच्या हातात होती. मी आठ पावलं पुढे, घड्याळ घेऊन. ‘देवानं पाय दिल्यात की’ हेही तिचंच.

ता. क. दुसरा – पत्राचं खरं कारण आता लिहितो. काल डॉक्टरीणबाई गेल्यावर अंबुबाई शेवंतीच्या मानेवरून हात फिरवत हळूच म्हणाली, “आपल्या लग्नात तुमी घोड्यावर, अन् मी मागनं चालत.” एकतीस वर्षं मी सगळ्यांच्या वेळा लिहिल्या, हे काही कुठं लिहिलं नव्हतं. ती वजनानं हलकी आहे. तेव्हा तुम्ही हो म्हणालात तर पुढच्या बुधवारी तिला शेवंतीवर बसवून मारुतीपर्यंत न्यावं म्हणतो. आदिनाथला सांगून ठेवलंय. दोरी मी धरीन. कानडी पाठ करतो आहे.